सासऱ्यांच्या रायफलीचा आकडा

माझ्या बायकोला माहेरून दोन पितळी पातेली आली, एक समई आली, काजूगरांची पिशवी आली आणि एक रायफल आली. पातेली आणि समई लग्नाबरोबरच आली. रायफलीला सरकारी कागद लागत होते, म्हणून तिला सहा महिने उशीर झाला.

सासरे सावंतवाडीच्या पलीकडच्या एका गावात राहायचे. थोडी भातशेती, थोडं काजूचं रान. गावाच्या वरच्या अंगाला डोंगर होता आणि भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरायची. परवान्याची बंदूक गावात त्यांच्या एकट्याकडे होती, त्यामुळे सगळ्यांचं भात राखायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं होतं. मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी, तिला त्यांनी परकर-पोलक्यात असल्यापासून बंदूक धरायला शिकवलं. आमचं लग्न ठरण्याच्या वर्षभर आधी ते गेले. जाताना सासूबाईंना सांगून गेले, "बंदूक पोरीची."

हे मला लग्नानंतर कळलं. मी गिरगावातला, फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून. तोवर मी बंदूक पाहिली होती ती फक्त बंदोबस्ताच्या पोलिसांच्या खांद्यावर, आणि तीही संयुक्त महाराष्ट्राच्या सभेतून पळता पळता, मागे वळून.

परवान्यासाठी आम्ही दोघं पोलीस कमिशनरच्या कचेरीत गेलो. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "परवाना तुमच्या नावे करायचा ना?"

"नाही. हिच्या."

त्यानं तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं आणि जरा हसत म्हणाला, "बाई, बंदुकीचा दट्ट्या कुठं असतो, ते तरी माहीत आहे का?"

"साहेब, बंदुकीला चाप असतो," ती म्हणाली. "दट्ट्या पिचकारीला."

शेजारच्या टेबलावरचा कारकून इतका हसला की त्याच्या हातातला टाक कागदावर पडला. अधिकारी भला माणूस निघाला, तोही हसला. कागद पुढे सरकला.

दिवाळीत आम्ही गावी जाऊन रायफल बोटीनं घेऊन आलो. सासऱ्यांच्या आजारपणात ती कधीतरी भिंतीवरून खाली पडली होती आणि मग तशीच कोपऱ्यात राहिली होती. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी उडून गेली होती आणि आतला आकडा मोडला होता. हा आकडा म्हणजे करंगळीच्या पेराएवढा एक पोलादी तुकडा. गोळी सुटल्यावर जे रिकामं काडतूस आत राहतं, ते मागे ओढून बाहेर फेकायचं काम त्याचं.

भाऊच्या धक्क्यावरून आम्ही परस्पर काळबादेवीपलीकडच्या एका गल्लीत गेलो. तिथं बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा बोहरी कारागीर होता. पांढरी दाढी, सोनेरी काठाची टोपी, आणि डोळ्याला लावायचं घड्याळजीसारखं भिंग. त्यानं रायफल आडवी धरून नळीतून उजेडाकडे पाहिलं, लाकडावरून हात फिरवला आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता सरळ बायकोला म्हणाला, "बेटी, नळी एकदम साफ आहे. तुझ्या बापाने जान लावून सांभाळली. पण आकडा नाही तर काय फायदा? एक गोळी मारायची, मग सळईने काडतूस ढकलत बसायचं. तोवर डुक्कर घरी जाऊन, खाना खाऊन झोपून जाईल."

"नवा आकडा नाही मिळणार?"

"लढाईच्या आधी विलायतेतून यायचा. आता सगळा माल बंद. तुम्ही शोधा. मिळाला तर माझ्याकडे आणा, मी बसवून देतो."

त्यानं रायफलीची नोंद केली, ती कपाटात ठेवली, आणि मोडका आकडा नमुना म्हणून तिच्या हातात दिला. तिनं तो रुमालात बांधून पिशवीत टाकला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर रायफल त्या कपाटातून हलली नाही. आमच्या चाळीत ती कधी आलीच नव्हती. पण चाळीला हे पटलं नाही. आधी आमच्याकडे एक बंदूक आहे असं म्हणत होते, मग दोन झाल्या, आणि होळीपर्यंत आमच्या माळ्यावर अख्खी पेटी आहे अशी खात्रीलायक बातमी तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. चळवळीत रात्रंदिवस राबणारा आमच्या खालचा एक तरुण जिन्यात थांबून बायकोला म्हणाला, "वहिनी, बंदूक आहे म्हणे तुमच्याकडे?"

"आहे. पण ती डुकरांसाठी आहे."

"मी तरी दुसरं काय म्हणतोय?" तो म्हणाला आणि घोषणा देत जिना उतरून गेला.

आता त्या शोधाबद्दल सांगायला हवं. शनिवारी माझी कचेरी दोन वाजता सुटायची. ती घरून निघून ट्रामनं यायची आणि आम्ही धोबीतलावाला भेटायचो. तिथून पुढे जिथं कुठं जुन्या बंदुकीचा, जुन्या लोखंडाचा, जुन्या शिकाऱ्याचा पत्ता लागेल तिथं.

घरी आमच्या दोन खोल्या. आई, दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं. लग्नाला सहा महिने झाले तरी आम्ही नवरा-बायको सलग पाच मिनिटं बोललो नव्हतो. बोलायला लागलं की कुणीतरी पाण्याचा तांब्या मागायचं. मला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिला तिखट लागतं आणि ती फार बोलत नाही. पहिल्याच शनिवारी कळलं की ती प्रचंड बोलते. धोबीतलावापासून भेंडीबाजारापर्यंत ती बोलत होती. बाबा काय म्हणायचे, डुक्कर वाऱ्याच्या दिशेनं कसं येतं, एकदा बाबा झाडावर आणि खाली डुक्कर असं कसं झालं. मधेच मालवणीत शिरायची आणि मी तोंडाकडे बघत राहिलो की म्हणायची, "तुमका कळला नाय?" आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

भेंडीबाजारामागच्या जुन्या सामानाच्या दुकानांत तिनं माशी मागायला सुरुवात केली. "माशी आहे का हो, माशी?" पहिल्या दुकानदारानं कानाला हात लावला. दुसरा म्हणाला, "मख्खी? मख्खी मिठाईवाले के पास मिलेगी, बाई." चौथ्यानं मात्र बिस्किटांचा एक गंजका डबा समोर ठेवला. तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि डबा त्यावर पालथा केला. कुलपांच्या चाव्या, घड्याळांचे काटे, बटणं, कसले कसले स्क्रू. ती तिथंच उकिडवी बसली आणि तांदूळ निवडावेत तशी बोटांनी निवडायला लागली. मी उभा राहून तिच्या डोक्यावर सावली धरली होती, माझ्या कचेरीच्या छत्रीनं. अर्ध्या तासानं ती ओरडली, "गावली!"

शेंगदाण्याएवढी माशी. कारागिरानं ती भिंगातून पाहिली, उलटीपालटी केली आणि मान डोलावली. त्या दिवशी आम्ही फालुदा प्यालो. ती म्हणाली, आता आकडाही असाच मिळेल, दोन आठवड्यांत. मी हो म्हणालो, पण मला थोडं वाईट वाटलं. का, ते मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

आकडा दोन आठवड्यांत काही मिळाला नाही. आम्ही मोहम्मद अली रोड पालथा घातला, माझगावच्या भंगारवाल्यांकडे गेलो. कचेरीतल्या एका स्नेह्यानं दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एका निवृत्त गृहस्थांचा पत्ता दिला. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, तरुणपणी शिकारीचे नादी. दिवाणखान्यात भिंतीवर वाघाचं मुंडकं. चहा आला, आणि गृहस्थांनी वाघाची गोष्ट सुरू केली. समोरासमोर, वीस पावलांवर, वाघानं झेप घेतली आणि यांनी बरोबर कपाळात गोळी घातली.

बायको उठून मुंडक्याजवळ गेली. खालून, बाजूनं, निरखून पाहिलं. "कपाळ तर शाबूत आहे," ती म्हणाली, "आणि गोळी कानामागून गेलीय. इथं शिवलंय बघा."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "सांगा आता! चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मागून बघितलं!" वाघ एका संस्थानिकानं मारला होता आणि मुंडकं यांना भेट मिळालं होतं. गृहस्थ स्वतःच एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी आपली रायफल आणून दाखवली. ती निराळ्या बनावटीची होती, आकडा जुळला नाही. पण निघताना त्यांनी बायकोला हात जोडले आणि म्हणाले, "पुन्हा या. फक्त पाहुणे बसलेले असताना नको."

परळ-लालबागलाही आमच्या फेऱ्या होत. तिचे सख्खे मामा तिथं एका गिरणीत फिटर होते. त्यांच्या खोलीत गेलं की आधी बांगड्याचं तिखलं आणि भात, मग काय ते काम. मामांनी मोडका आकडा बोटांत फिरवला आणि म्हणाले, "गो बाय, ह्यां काय कठीण नाय. माका चार दिवस दी." चार दिवसांनी त्यांनी कानसून, घासून, आरशासारखा लखलखीत आकडा हातावर ठेवला. दागिना म्हणून घालावा असा. कारागिरानं तो पाहिला, हळहळला, आणि परत दिला. "काम अव्वल. पण पोलाद ते नाही. ही जागा जोखमीची आहे, बेटी. मी नाही बसवणार." मामांना राग येईल असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "बरोबर बोललो म्हातारो," आणि तो आकडा त्यांनी खुंटीला टांगून त्यावर किल्ल्या लावल्या.

त्याच फेऱ्यांतली एक गोष्ट. आदल्या दिवशी मोठा मोर्चा निघाला होता, आणि लालबागच्या नाक्यावर पोलीस जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पिशव्या तपासत होते. एका हवालदारानं आमची पिशवी उघडली. रुमाल सोडला.

"हे काय?"

"आकडा," बायको म्हणाली.

हवालदाराच्या भुवया वर गेल्या. त्या दिवसांत मुंबईत आकडा म्हणजे कापसाच्या भावावर लावायचा जुगार, आणि तो लावणाऱ्याला पकडलं की रात्र चौकीत. "बायकामाणसं पण आकड्याच्या धंद्यात पडली? कुणाचा आकडा?"

"अहो, लावायचा नाही हो," मी घाईनं म्हणालो, "बंदुकीचा आहे!"

हे बोलून आपण आगीतून फुफाट्यात उडी मारली, हे मला हवालदाराच्या चेहऱ्यावरून कळलं. आणखी दोन पोलीस जवळ आले. बायको मात्र शांत. तिनं पिशवीतून परवाना काढला, उलगडून दिला, आणि डुकरांची हकिगत सांगायला लागली. हवालदारानं परवाना दोनदा वाचला. मग हळूच विचारलं, "किती येत्यात एका टायमाला?"

"आठ-दहा. पिलं धरून पंधरा."

"आमच्याकडं उसात शिरत्यात," तो म्हणाला. तो कोल्हापूरकडचा होता, नायगावच्या पोलीस लाइनीत राहायचा, आणि घरचा ऊस डुकरांनी कसा झोपवला हे सांगताना त्याला बंदोबस्ताचा विसर पडला. पाचेक मिनिटं हवालदार आणि माझी बायको भर नाक्यावर डुकरांवर बोलत होते आणि मागे तपासणीची रांग वाढत होती. शेवटी त्यानं आकडा स्वतःच्या हातानं रुमालात बांधला. "सापडला म्हंजे जपून वापरा, ताई. आणि पुन्हा कुणी इचारलं तर आकडा म्हनू नका. हूक म्हना."

असे शनिवार जात राहिले. पावसाळा आला, छत्री एक आणि माणसं दोन, त्यालाही माझी तक्रार नव्हती. आणि मग भाद्रपदात एकदम सगळं थांबलं. शहरात हरताळ, ट्राम बंद, दुकानं बंद. एका शनिवारी घरीच बसून होतो तेव्हा सासूबाईंचं पत्र हातात पडलं. वरच्या बांधाचं भात डुकरांनी एका रात्रीत लोळवलं होतं. गावातले लोक विचारतात, पोरगी बंदूक घेऊन कधी येते म्हणून, एवढंच लिहिलं होतं. बायकोनं पत्राची घडी केली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. ती रडली नाही. पण मघाशी अर्धवट सोडलेली पोळी तिनं पुन्हा लाटायला घेतली नाही, आणि तव्यावरची करपली.

आईनं तवा उतरवला. पदराला हात पुसले. आणि म्हणाली, "चल गं. चपला घाल. तूही चल रे."

"कुठं? सगळं बंद आहे."

"मागच्या गल्लीत. नाटकाचं सामान भाड्यानं देतात ना, त्यांच्याकडे. दुकान बंद असलं तरी मागेच राहतात ते. त्यांच्याकडे हिच्या वडिलांच्या बंदुकीसारख्या पाच-सहा पडल्यात."

वहिनीच्या हातातली वाटी तशीच हातात राहिली.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"तुझे वडील कचेरीच्या नाटकात शिपाई झाले होते. तो डगला आणि ती बंदूक परत द्यायला मीच गेले होते. जड म्हणजे काय जड! खऱ्याच आहेत त्या, लढाईतल्या मोडीत काढलेल्या. नळीत शिसं ओतून बंद केल्यात. बाकी सगळं जिथल्या तिथं आहे, हिच्या रुमालातल्यासारखा आकडासुद्धा."

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"होतं."

"मग आम्ही वर्षभर उन्हातान्हात मुंबई पालथी घालत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. सुनेकडे पाहिलं. "दोन खोल्यांत सात माणसं," ती म्हणाली. "माझ्या वेळी नऊ होती. लग्नानंतर तीन वर्षं मला यांचा आवाज कसा आहे तेही नीट ठाऊक नव्हतं. तुम्ही शनिवारी हसत घरी यायचात. ती माशी की काय ती सापडली ना, तेव्हा मी मनात म्हटलं, आता संपलं." मग तिनं पायात चपला सरकवल्या. "पण आता तिकडे पिकं जायला लागली. आता गप्प बसणं बरं नव्हे."

बायकोनं वाकून तिच्या पायांना हात लावला. आई म्हणाली, "पुरे, चला," आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरायला लागली.

सामानवाले गृहस्थ आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर राहत होते. मागच्या दारानं आत गेलो. छताला गदा टांगलेल्या, भिंतीवर मुकुट, दोरीवर वाळत घातल्यासारख्या दाढ्या-मिशा. कोपऱ्यात सुंभानं बांधलेला बंदुकांचा भारा. बायको गुडघ्यांवर बसली, सुंभ सोडला, पहिल्या बंदुकीवरची धूळ पदरानं पुसली आणि लोखंडावरचा ठसा वाचला. बाबांच्या रायफलीवर होता तोच. तिनं रुमालातला मोडका आकडा शेजारी धरला. एकाच आईची दोन लेकरं.

"हाच," ती म्हणाली.

सामानवाल्यांनी चष्मा वर केला. "देतो की. माझ्या बंदुकीला फक्त दिसायचं काम आहे. पण माझं एक काम करा. परळच्या गिरणीकामगारांचं एक मंडळ आहे, गोव्याच्या मुक्तीवर नाटक बसवतंय. तालमीला बंदुका माझ्याकडूनच नेतात. काल तालीम पाहिली, लाज वाटली हो. नायक बंदूक अशी धरतो, जसा काय पाट्यावरचा वरवंटा. तुम्हाला येतं म्हणता, तर त्यांना जरा शिकवा."

पुढच्या रविवारी दुपारी, गिरगावातल्या एका शाळेच्या वर्गात, माझ्या बायकोनं आयुष्यातली पहिली आणि शेवटची शिकवणी घेतली. समोर सहा गडी. दिवसभर मागावर उभं राहणारे, दंड असे की बंदूक काडीसारखी उचलावी. आणि नवरीसारखे लाजत होते. तिनं पदर खोचला. सुरुवातीला आवाज बारीक होता. नंतर तिला राहवेना.

"भाऊ, ती खांद्यावर ठेवायची नसते, खांद्यात रुतवायची असते. गाल लाकडाला लावा. लावा! चावत नाही ती. तुम्ही दोन्ही डोळे मिटलेत, मग फिरंगी दिसणार कसा?"

"बाई, आवाज होईल म्हणून मिटले."

"आवाज कुठला होणार? शिसं ओतलंय आत."

वर्गात हशा. बाकावर माझी आई शेंगा खात बसली होती, तिनंही हातभार लावला. "तो मागचा बघ गं, केरसुणी धरल्यासारखा उभाय." दोन तासांनी ते सहाजण एका ओळीत, पाय रोवून, गाल लाकडाला टेकवून उभे राहिले तेव्हा खरंच कुणीतरी समोर यायला घाबरलं असतं. नायकानं तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, खेळाला यायचं."

सामानवाल्यांनी आकडा कारागिराकडे स्वतः पोहोचवला. म्हाताऱ्यानं तो बसवायला दोन दिवस घेतले, आणि आम्हाला बोलावून समोर बसवून, एक रिकामं काडतूस आत घालून खटका मागे ओढला. काडतूस टुणकन बाहेर उडालं आणि त्याच्या दाढीत अडकलं. ते काढत तो म्हणाला, "बघ बेटी, आता डुकराला जेवायला वेळ नाही मिळायचा."

दसऱ्याला आम्ही गावी होतो. पहाटे फटफटलं तेव्हा ती, मी आणि गावातले दोन जाणते वरच्या बांधावर बसलो होतो. भाताला वास सुटला होता. डुकरं आली ती आधी ऐकू आली, ओल्या चिखलात चपचप करत. ती माझ्या शेजारी होती, पण मला ती त्या क्षणी ओळखीची वाटली नाही. इतकी स्थिर. गोळी सुटली. पुढचा मोठा डुक्कर जागीच बसला. तिनं खटका ओढला, काडतूस हवेत उडालं आणि नेमकं माझ्या मांडीवर पडलं. मी ते कौतुकानं उचललं. ते निखाऱ्यासारखं तापलेलं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी अशी बोंब ठोकली की उरलेला सगळा कळप, पिलं धरून, डोंगर चढून पसार झाला.

गावानं त्या दिवशी डुकराचं मटण केलं. पंगतीत एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांना सांगत होते, "चेडवान एक मारलो. जावयान चौदा पळवले." त्या हंगामात डुकरं पुन्हा वरच्या बांधावर फिरकली नाहीत, आणि त्याचं श्रेय गावात आजही माझ्या घशाला देतात.

नाटकाचा खेळ झाला तो थंडीत, परळच्या एका मैदानात मांडव घालून, रविवारी दुपारी. आम्ही तिघं गेलो होतो, बायको, आई आणि मी. मामाही मामीला घेऊन आले होते. मांडव खचाखच भरलेला. मध्येच कुणीतरी मुंबईसह महाराष्ट्राची घोषणा द्यायचं, मांडव उत्तर द्यायचा आणि नाटकातली पात्रं थांबून वाट पाहायची. शेवटचा प्रवेश आला. फिरंगी अधिकारी लांब खोट्या मिशा पिळत उभा. नायकानं रायफल उचलली, खांद्यात रुतवली, गाल लाकडाला टेकवला. बायकोनं माझा दंड घट्ट धरला. "बरोबर," ती पुटपुटली, "अगदी बरोबर."

नायकानं चाप ओढला. काही झालं नाही. विंगेत सुतळी बॉम्ब लावायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याची काडी पेटत नव्हती. नायक हलला नाही. त्यानं पुन्हा चाप ओढला. फिरंगी मरायला तयार, पण आवाजाशिवाय मरावं कसं हे त्याला कळेना. त्यानं छातीवर हात नेला, मग काढून घेतला. मांडवात कुजबुज सुरू झाली. विंगेतून तिसरी काडी ओढल्याचा आवाज आम्हाला पाचव्या रांगेत ऐकू आला.

आणि माझी आई, सत्तरीला आलेली, जन्मात कधी चारचौघांत आवाज न चढवलेली, उभी राहिली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "ठोऽऽ!"

फिरंगी धाडकन पडला. इतक्या मनापासून पडला की त्याच्या मिशा उडून पहिल्या रांगेत गेल्या. आधी मांडव हसला, मग सगळा मांडव उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, आणि तेवढ्यात विंगेतला बॉम्ब एकदाचा उडाला. नायक अजून गाल लाकडाला टेकवून तसाच उभा होता.

परतीच्या ट्राममध्ये आई खिडकीशी बसली होती. बायकोचं हसू काही केल्या थांबत नव्हतं, तिनं तोंडात पदर कोंबला होता. लोक वळून वळून बघत होते. डोळे पुसत ती आईला म्हणाली, "आई, तुम्हाला सुचलं तरी कसं?"

"किती वेळ ताटकळत ठेवायचं बिचाऱ्याला," आई म्हणाली. "हात भरून आले असतील त्याचे. जड असते ती."